रंगाचा ब्रश उद्यापर्यंत, पुढच्या शनिवारपर्यंत आणि पुढच्या दिवाळीपर्यंत कसा ठेवायचा

घर स्वतः रंगवायचं म्हटलं की शेड कोणती, लांबी (म्हणजे पुट्टी) किती लागेल, प्रायमर एक हात की दोन, यावर सगळे बोलतात. ब्रशबद्दल कोणी बोलत नाही. आम्ही डोंबिवलीतला आमचा ब्लॉक नवरात्रापासून दिवाळीपर्यंत दर शनिवार-रविवारी थोडा थोडा करून रंगवला. भिंतींना इमल्शन, दारांना आणि खिडक्यांच्या ग्रिलला ऑइल पेंट. पहिल्या दोन आठवड्यांत सहा ब्रश वाया गेले. रंगवताना एकही खराब झाला नाही. सगळे रात्री, आम्ही झोपलेलो असताना मेले.

रविवारी सकाळी बघावं तर एक लाकडासारखा कडक, दुसऱ्याचे केस हॉकी स्टिकसारखे वाकलेले, तिसऱ्याच्या पत्र्याला, म्हणजे केस धरून ठेवणाऱ्या धातूच्या पट्टीला, गंज. पाण्यात ठेवला तरी बिघडला, टर्पेंटाइनमध्ये ठेवला तरी बिघडला. मग रंगाच्या दुकानात एक वयस्कर पेंटरकाका भेटले. त्यांना मी विचारलं, "काका, ब्रश रात्री नक्की कशात ठेवायचा?" ते म्हणाले, "ताई, कशात ते नंतर. आधी रंग कुठला होता ते सांगा."

पुढे मी जे काही शिकले ते या एका प्रश्नातून. कंत्राट देऊन चार दिवसांत घर रंगवून घेणार असाल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. नोकरी, मुलं, पाहुणे सांभाळून हप्त्या-हप्त्याने रंगवणार असाल तर वाचा.

हाताशी काय काय लागेल

- दुधाच्या रिकाम्या पिशव्या, धुऊन वाळवलेल्या. २०१८च्या प्लास्टिकबंदीपासून घरात पातळ पिशव्या उरलेल्या नाहीत आणि या कामाला दुधाची पिशवी तशीही जास्त चांगली. जाड असते, फाटत नाही.
- रबरबँड, अॅल्युमिनियम फॉइल
- टर्पेंटाइन, एक लिटर
- झाकणाच्या तीन काचेच्या बरण्या (लोणच्याच्या चालतील, पण परत स्वयंपाकघरात आणायच्या नाहीत)
- कपडे धुण्याचा साबण, वडी
- जुनी फणी किंवा काटा
- वर्तमानपत्रांची रद्दी, भरपूर
- सुती चिंध्या
- जाड तार किंवा स्वेटर विणायची सुई
- चिकटपट्टी आणि मार्कर पेन
- हातमोजे

प्लास्टिकच्या वापरा-फेका ग्लासात थिनर ओतू नका. काही ग्लास दहा मिनिटांत मऊ होऊन बसतात आणि सगळं फरशीवर. थर्माकोलचा कप तर बघता बघता विरघळतो.

१. रंग कशाने वाळतो ते ओळखा

सगळे रंग "सुकतात" असं आपण म्हणतो, पण प्रत्येकाचं सुकणं वेगळं. ब्रश राखायचा म्हणजे ते सुकणं थांबवायचं. ते कशाने होतंय हे कळलं की कसं थांबवायचं हे आपोआप कळतं.

ऑइल पेंट, म्हणजे इनॅमल. यातलं टर्पेंटाइन आधी उडून जातं, पण खरा कडकपणा येतो तो हवेतल्या प्राणवायूमुळे. रंगातलं तेल प्राणवायू घेतं आणि घट्ट होतं. म्हणून ब्रशला हवा लागू दिली नाही की काम झालं. लाकडाचा आणि लोखंडाचा नेहमीचा प्रायमर, रेड ऑक्साइड, सगळे याच घरातले.

इमल्शन, ज्याला बरेच जण प्लास्टिक पेंट म्हणतात, आणि अॅक्रिलिक डिस्टेंपर. हे पाण्यातले रंग. पाणी उडालं की आतले बारीक कण एकमेकांना चिकटून पापुद्रा तयार होतो. एकदा तो झाला की परत पाण्यात टाकून काही होत नाही. "पाण्याचाच रंग आहे, उद्या धुऊ" हे वाक्य आमच्या घरात तीन ब्रशना भोवलं. इथे ब्रशमधलं पाणी उडू द्यायचं नाही.

चुना. गावाकडच्या घराला अजून लावतात. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन दगड होतो, शिवाय दाहक असतो, जनावराच्या केसांना खातो. त्यासाठी काथ्याचा कुंचा वेगळा ठेवा आणि तो काम संपताक्षणी धुवा. राखून ठेवायचा प्रकार नाही.

दोन डब्यांचे रंग. पीयू पॉलिश, इपॉक्सी, ज्यात हार्डनर मिसळावा लागतो ते. हे कोणाचीच वाट बघत नाहीत. हवा बंद करा, पाण्यात बुडवा, फ्रिजमध्ये ठेवा, आतल्या आत घट्ट होतातच. डब्यावर मिश्रण किती वेळ टिकतं ते लिहिलेलं असतं. त्याच्या आत, त्याच कंपनीच्या थिनरने ब्रश धुवा. दुसरा उपाय नाही.

आणि एक लाडका अपवाद, फ्रेंच पॉलिश. स्पिरिटमध्ये लाखेचा चपडा विरघळवून केलेलं. ते बहुतेक वेळा कापसाच्या बोळ्याने लावतात, पण कोपऱ्यांना ब्रश लागतो. हा ब्रश खुशाल वाळू द्या, दगड होऊ द्या. पुढच्या वेळी अर्धा तास स्पिरिटमध्ये ठेवा, परत मऊ. लाख स्पिरिटमध्ये कितीही वेळा विरघळते.

२. ब्रशचे केस कसले आहेत ते बघा

पत्र्याच्या खाली काळे किंवा पांढरट केस दिसतात ते डुकराचे असतील किंवा नायलॉन-पॉलिस्टरचे. दुकानदार विचारल्याशिवाय सांगत नाही. एक केस उपटून आगपेटीच्या काडीवर धरा (थिनरपासून लांब, गॅलरीत). केस जळल्याचा वास आला आणि राख झाली तर जनावराचा. वितळून गोळी झाली तर कृत्रिम.

जनावराचे केस पाणी पितात, फुगतात, लुळे पडतात. ते ऑइल पेंटला उत्तम, पाण्यातल्या रंगाला कमी. कृत्रिम केस पाण्याला घाबरत नाहीत, पण गरम पाण्याने आणि तिखट थिनरने वाकडे होऊ शकतात. मी आता दोन संच ठेवते आणि दांड्यावर मार्करने "तेल" आणि "पाणी" लिहिते. एकाचं काम दुसऱ्याला देत नाही. उरलेल्या टर्पेंटाइनचा थेंबभर अंश इमल्शनमध्ये गेला तरी भिंतीवर डोळ्यांसारखे गोल डाग पडतात.

३. राखायची तयारी रंगवायच्या आधी

हे मला कोणी सांगितलं असतं तर निम्मे ब्रश वाचले असते.

नवा ब्रश कोरडा रंगात बुडवायचा नाही. पाण्याच्या रंगासाठी आधी पाण्यात, तेलाच्या रंगासाठी आधी टर्पेंटाइनमध्ये बुडवून झटकून घ्यायचा. पत्र्याजवळच्या केसांमध्ये आधीच ओल बसली की रंग तिथे चढत नाही आणि नंतर धुताना पटकन सुटतो. नवीन ब्रशचे सुटे केसही यातच निघून येतात, नाहीतर ते दारावर चिकटलेले सापडतात.

रंगात ब्रश बुडवायचा तो केसांच्या अर्ध्यापर्यंत, जास्त नाही. नवशिका माणूस पत्र्यापर्यंत बुचकळतो. मग रंग पत्र्याच्या आत शिरतो, तिथे वाळतो, केस मुळापासून फाकतात आणि चांगला ब्रश खराट्यासारखा दिसायला लागतो. असा फाकलेला ब्रश कुठल्याही बरणीत ठेवला तरी सुधारत नाही.

४. चहापुरती सुटी

दहा मिनिटं ते तासभर. इथे आपण सगळ्यात बेफिकीर असतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात, वर पंखा फिरत असताना, इमल्शनच्या ब्रशची टोकं पंधरा-वीस मिनिटांत चिवट झालेली मी बघितली आहेत.

पाण्याचा रंग असेल तर ओल्या, पिळलेल्या फडक्यात ब्रश गुंडाळा. ऑइल पेंट असेल तर दुधाच्या पिशवीत घाला आणि तोंड मुडपून ठेवा. एवढंच. ब्रश रंगाच्या डब्यातच उभा सोडून जाऊ नका. तो हळूहळू खाली घसरतो, मूठ रंगाने माखते आणि केस तळाला टेकून वाकतात.

फोन आला, पाहुणे आले, की सुटी चहापुरती राहत नाही. त्यामुळे मी आता दोन मिनिटांसाठी उठले तरी गुंडाळूनच उठते.

५. एका रात्रीपुरता: ऑइल पेंटचा ब्रश

दोन रस्ते आहेत, दोन्ही चालतात.

पहिला, गुंडाळणं. ब्रशमध्ये रंग भरपूर असू द्या. हो, असू द्या. कोरडा निपटलेला ब्रश लवकर वाळतो. डब्याच्या काठावर थेंब गळायचा थांबेल इतपतच निथळा. मग पिशवीत घालून केसांवर हाताने दाबत सगळी हवा बाहेर काढा, पिशवी पत्र्याच्या वर दांड्याला घट्ट आवळून रबरबँड लावा, वरून फॉइलचा एक वेढा. आडवा ठेवा. रात्रभर आरामात टिकतो, दुसरी रात्रही बहुधा निघते. तिसऱ्या दिवशी माझा विश्वास बसत नाही.

दुसरा रस्ता ऐकून मला आधी खोटं वाटलं होतं: तेलाच्या रंगाचा ब्रश साध्या पाण्यात ठेवायचा. काका म्हणाले, "आमच्या वस्तादांपासून असंच." विचार केला तर सरळ आहे. तेल आणि पाणी मिसळत नाहीत, त्यामुळे रंग धुऊन जात नाही, आणि पाण्याखाली प्राणवायू फारसा पोचत नाही, त्यामुळे रंग वाळत नाही. टर्पेंटाइनचा खर्च नाही, वास नाही, आगीची भीती नाही.

पण यात चार खाचखळगे आहेत आणि चारहींत मी पडले आहे.

ब्रश आधी टर्पेंटाइनने अर्धवट धुऊन मग पाण्यात ठेवू नका. केसांवर रंगाचं आवरण असलं तरच पाणी आत शिरत नाही. अर्धवट धुतलेल्या जनावराच्या केसात रात्रभर पाणी मुरतं आणि सकाळी ब्रश भिजल्या मांजरासारखा.

पाणी केस बुडतील इतकंच. मी पत्र्याच्या वरपर्यंत भरलं होतं. पत्रा गंजला आणि दुसऱ्या दिवशी बेडरूमच्या पांढऱ्या दारावर तपकिरी ओघळ आले. ते दार पुन्हा घासून पुन्हा रंगवलं.

केस तळाला टेकू देऊ नका. टांगायचं कसं ते सातव्या पायरीत आहे.

सकाळी बाहेर काढल्यावर लगेच डब्यात बुडवू नका. आधी गॅलरीबाहेर न झटकता (खालच्या मजल्यावर कपडे वाळत असतात) एखाद्या रिकाम्या खोक्यात जोरात झटका. मग रद्दीवर दाबून पाणी काढा, दांडा दोन्ही तळव्यांत धरून रवीसारखा फिरवा, परत रद्दीवर दाबा. दहा मिनिटं थांबा. पहिले दोन हात एखाद्या टाकाऊ फळीवर मारा. केसात राहिलेला पाण्याचा थेंब इनॅमलमध्ये गेला की चकाकी जाते आणि बारीक फोड दिसतात.

एक-दोन रात्री, त्यापुढे पाणी नको.

६. एका रात्रीपुरता: इमल्शनचा ब्रश

हा पाण्यात ठेवायचा नाही. पाण्यात रंग विरघळून ब्रशभर पसरतो, पत्र्यात चढतो आणि सकाळी हातात पातळ, घाणेरडं काहीतरी येतं. गुंडाळायचा. पद्धत तीच: भरपूर रंग, हवा काढलेली पिशवी, रबरबँड. दोन हातांमध्ये इमल्शनला साधारण चार तास लागतात, तेवढ्यासाठी प्रत्येक वेळी ब्रश धुणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

रात्रीसाठी गुंडाळलेला ब्रश फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवला तर आणखी चांगला राहतो, कारण थंडीत पाणी कमी उडतं. दुहेरी पिशवी, बाहेरून डबा, आणि डब्यावर मोठ्या अक्षरात "रंग". मी अक्षर लिहायला विसरले होते. सासूबाईंनी डबा उघडला, आत पिशवीत पांढरं, ओलसर, घट्ट बांधलेलं काहीतरी. "हा चक्का कधी बांधलास?" खरंच दसऱ्याचा आठवडा होता, त्यांचीही चूक नाही.

फ्रीझरमध्ये नाही. पाण्याचा रंग गोठला की फुटतो, नासलेल्या दुधासारखा. आणि टर्पेंटाइन किंवा थिनर लागलेला ब्रश फ्रिजच्या आसपासही नाही. बंद जागेत वाफ साठते आणि फ्रिजच्या आत विजेची बटणं असतात. एक ठिणगी पुरे. ऑइल पेंटचा ब्रश फ्रीझरमध्ये ठेवा असा सल्ला मलाही मिळाला होता. तो मी मानला नाही, तुम्हीही मानू नका.

७. शनिवार ते शनिवार

इमल्शनसाठी उत्तर एका ओळीत: धुऊन टाका. आठवडाभर गुंडाळून ठेवण्यात काही अर्थ नाही.

ऑइल पेंटसाठी मोह होतो, कारण तो ब्रश धुणं म्हणजे अर्धा तास आणि वास. मधला मार्ग म्हणजे टांगणं. बहुतेक ब्रशच्या दांड्याला भोक असतं. नसलं तर ड्रिलने पाडा. भोकातून तार किंवा विणायची सुई आरपार घाला आणि ती बरणीच्या तोंडावर आडवी ठेवा. ब्रश मध्ये लोंबकळतो, केस तळापासून बोटभर वर. बरणीत केस बुडतील इतकं टर्पेंटाइन. रंग खाली गाळासारखा बसतो म्हणून ही बोटभर जागा महत्त्वाची. तळाला टेकवलेला ब्रश वाकतोही आणि त्या गाळातच झोपतो. माझी हॉकी स्टिक अशीच तयार झाली.

बरणीचं तोंड उघडं राहू द्यायचं नाही. दांड्याभोवती फॉइल दाबून बसवा, नाहीतर चार दिवसांत टर्पेंटाइन उडून केस उघडे पडतात.

जुने कारागीर टर्पेंटाइनऐवजी कच्च्या जवसाच्या तेलात ब्रश टांगत. केस मऊ राहतात, वास कमी. मात्र दुकानात बेलतेल म्हणून मागितलंत तर बहुधा उकळलेलं, लवकर वाळणारं तेल हातात देतात. ते या कामाला उलटं पडतं. आणि तेलातून काढलेला ब्रश टर्पेंटाइनमध्ये नीट खळबळून घेतला नाही तर दार दोन दिवस चिकट राहतं.

माझं स्पष्ट मत सांगू? दोन खोल्यांच्या घरात, लहान मूल असताना, टर्पेंटाइनची बरणी आठवडाभर ठेवू नका. देवघरात निरांजन, स्वयंपाकघरात गॅस, दिवाळी तोंडावर म्हणजे दारात पणत्या. बंगल्याला गच्ची आणि कुलपाची खोली असेल तर टांगा. ब्लॉकमध्ये राहत असाल तर पुढची पायरी वाचा आणि धुऊनच टाका.

८. पूर्ण धुणं, तीन बरण्यांत

पूर्वी हे काम रॉकेलने व्हायचं, आता ते सहज मिळत नाही. टर्पेंटाइनच घ्या. दुकानदार "एनसी थिनर घ्या, पटकन निघतं" म्हणेल. निघतं खरं, पण ते जास्त ज्वलनशील, वास डोक्यात जातो आणि केसांची वाट लागते.

आधी ब्रशमधला रंग डब्याच्या काठावर जमेल तेवढा डब्यात परत. मग रद्दीवर आडवे हात मारत राहा, पाच-सहा कागद जातील. जितका रंग कागदावर जाईल तितकं टर्पेंटाइन वाचेल.

तीन बरण्यांत थोडं थोडं टर्पेंटाइन. दोन इंची ब्रशला प्रत्येकी पाऊण वाटी पुरते. पहिल्या बरणीत ब्रश दाबून-फाकवून खळबळा, काठावर निथळा, कागदावर पुसा. मग दुसरी, मग तिसरी. तिसरीत टर्पेंटाइन जवळजवळ स्वच्छ राहिलं पाहिजे. पुढच्या वेळी दुसरी बरणी पहिली होते, तिसरी दुसरी, आणि फक्त एकीत नवं ओततो. एका मोठ्या डब्यात भरपूर टर्पेंटाइन घेऊन ब्रश बुचकळत बसण्यापेक्षा हे निम्म्यात होतं.

मग साबण. ओल्या ब्रशने वडीवर घासून तळहातावर गोल गोल फिरवा, पत्र्याकडून टोकाकडे अंगठ्याने ढकला. पहिला फेस रंगीत येतो, तिसरा-चौथा पांढरा येतो. पांढरा येईपर्यंत थांबायचं नाही. आपण थांबतो, आणि तेवढाच राहिलेला रंग पत्र्याच्या तोंडाशी वाळून कडा होतो.

इमल्शनचा ब्रश थेट नळाखाली, साध्या गार पाण्यात, केस खाली करून. केस वर करून धुतला तर रंगाचं पाणी पत्र्यात उतरतं. आधी कागदावर पुसायचा नियम इथेही. नाहीतर मोरीच्या जाळीत रबरासारखा थर बसतो आणि प्लंबर बोलवावा लागतो.

शेवटी फणीने केस सरळ विंचरा, बोटांनी मूळचा आकार द्या आणि वर्तमानपत्राची पुडी बांधा, वाण्याकडे फुटाण्याची मिळते तशी. कागद ओल ओढून घेतो आणि केस आकारात वाळतात. आडवा ठेवा किंवा केस खाली करून टांगा. ग्लासात केस वर करून उभा ठेवला की उरलेलं पाणी पत्र्यात उतरून गंज आणि दांडा सैल.

हातावरचा ऑइल पेंट खोबरेल तेल चोळून काढा, मग साबण. थिनरने हात धुऊ नका.

९. पुढच्या दिवाळीपर्यंत

दोन-तीन दिवस पूर्ण वाळू द्या. ओला ब्रश डब्यात बंद केला तर पावसाळ्यात बुरशी धरते, कोकणात तर नक्कीच. जनावराच्या केसांना कसर लागते, लोकरीच्या कपड्यांना लागते तीच. पुडीबरोबर एक डांबरगोळी ठेवा. माळ्यावर टाकायचे असतील तर वर दुसरं सामान रचू नका.

रोलरचं थोडक्यात: इमल्शनचा रोलर ब्रशसारखाच पिशवीत गुंडाळून रात्रभर राहतो. त्यापुढे धुवायचा, आधी पत्रीने (लांबी लावायच्या पातळ पात्याने) ओढून रंग काढा, तरी दोन बादल्या पाणी जातंच. ऑइल पेंटचा रोलर मी धूत नाही. त्याला लागणारं टर्पेंटाइन नव्या रोलरपेक्षा महाग पडतं.

१०. चिंध्या आणि घाण टर्पेंटाइन

ब्रशइतकंच हेही रात्रीसाठी ठेवायचं असतं, म्हणून इथे सांगते. जवसाचं तेल किंवा तेलाचं पॉलिश लागलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल प्राणवायू घेताना गरम होतं, बोळ्यात ती उष्णता अडकते आणि चिंधी काडी न लावता पेटू शकते. काठीवर एकेक सुटी पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा. पूर्ण वाळून कडक झाल्यावरच कचऱ्यात.

घाण टर्पेंटाइन मोरीत ओतायचं नाही. बरणीला झाकण लावून दोन-तीन दिवस स्थिर ठेवा. रंग तळाशी बसतो, वरचं नितळ अलगद दुसऱ्या बरणीत ओता. पहिल्या धुण्याला ते पुन्हा चालतं. तळाचा गाळ जुन्या कागदांवर पसरून बाहेर वाळवा आणि मग टाका.

११. वाळलेला ब्रश सापडला तर

इमल्शन असेल तर स्पिरिटमध्ये काही तास ठेवून बघा, थर मऊ पडतो, मग फणीने ओढा. ऑइल पेंट असेल तर पेंट रिमूव्हर, हातमोजे घालून, उघड्यावर. वाचलेला ब्रश शेवटच्या हाताला वापरू नका, प्रायमरला द्या.

माळ्यावर सापडलेला फार जुना, रंग चढलेला ब्रश तारेच्या ब्रशने कोरडा खरवडू नका. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटच्या धुळीत काय असेल ते सांगता येत नाही, आणि घरात लहान मूल असेल तर त्या ब्रशसाठी एवढी जोखीम घेऊ नये. सरळ टाकून द्या.

१२. पुडी सोडल्यावर, डब्यात बुडवण्याआधी

गुंडाळताना प्रत्येक पिशवीवर चिकटपट्टी लावून रंग, प्रकार आणि वार लिहा. "ग्रिल काळा, तेल, शनि रात्र." पाच पिशव्या सारख्याच दिसतात.

सोडल्यावर आधी अंगठ्याने केस फाकवून मुळाशी बघा. तिथे कोरडे पापुद्रे असतील तर ब्रश डब्यात जाता कामा नये. एका ब्रशच्या कण्यांनी आमचा अख्खा लिटरभर पांढरा रंग रवाळ झाला होता आणि तो जुन्या ओढणीतून गाळून घ्यायला दोघांना पाऊण तास लागला. पापुद्रे नसले तर पत्र्यावर गंज आहे का बघा, मग रद्दीवर चार-पाच हात मारा. रेघ सलग आली, केस परत एकत्र आले, तर झाकण उघडा आणि कामाला लागा.